बाळंतिणीचे मन आणि कायद्याची नजर

इंग्लंडमध्ये १९३८ साली झालेला एक लहानसा कायदा आहे. शिशुहत्येचा कायदा असे त्याचे नाव. त्यातील मुख्य कलमाचा आशय असा : एखाद्या स्त्रीने आपल्या बारा महिन्यांच्या आतील मुलाचा जीव घेतला आणि त्या वेळी, बाळंतपणाच्या परिणामांतून ती पुरती सावरलेली नसल्यामुळे किंवा अंगावर दूध असण्याच्या परिणामामुळे, तिच्या मनाचा तोल ढळलेला होता, तर तिला खुनी समजू नये. शिक्षा द्यायची ती मनुष्यवधाच्या गुन्ह्याप्रमाणे, म्हणजे न्यायाधीशाला योग्य वाटेल ती. त्या काळी खुनाला एकच शिक्षा होती, फाशी.

'अंगावर दूध असण्याच्या परिणामामुळे' हे शब्द वाचून शरीरशास्त्र शिकवणारा कोणीही शिक्षक थबकेल. दूध येण्याने मनाचा तोल जातो याला आज काहीही आधार नाही. तरी हे शब्द इंग्लंडच्या कायद्यात अजून आहेत. २००६ मध्ये तेथील विधी आयोगाने या कायद्याचा फेरविचार केला आणि तो होता तसाच ठेवावा अशी शिफारस केली. २००९ मध्ये संसदेने कलमात थोडी दुरुस्ती केली, पण दुधाला हात लावला नाही. विज्ञान चुकीचे आणि तरी कायदा उपयोगाचा, असे हे विचित्र प्रकरण आहे. गरोदर आणि बाळंत स्त्रीच्या मनाकडे राज्यसंस्थेने कधी, कसे आणि कुठून पाहिले याचा शोध घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. कारण कायद्याला ही स्त्री प्रथम दिसली ती आरोपीच्या पिंजऱ्यात.

त्या पिंजऱ्यापर्यंतची वाट लांब आहे. १६२४ च्या इंग्रजी कायद्यानुसार अविवाहित स्त्रीने मेलेल्या मुलाचा जन्म लपवला, एवढ्यावरूनच तिने खून केला असे गृहीत धरले जाई. मूल मेलेलेच जन्मले, हे साक्षीदार आणून तिने सिद्ध करायचे. बाळंतपण चोरून झालेले, मग साक्षीदार कुठून आणणार? हा कायदा १८०३ मध्ये रद्द झाला. पण खुनाचा आरोप आणि फाशीची तरतूद राहिलीच. एकोणिसाव्या शतकात ज्यूरींना अशा मुलींना फाशीवर पाठवणे जड जाऊ लागले. पुरावा असूनही ते आरोपीला सोडून देत, नाहीतर 'जन्म लपवला' एवढाच किरकोळ गुन्हा शाबीत मानत. १८४९ नंतर इंग्लंडमध्ये स्वतःच्या तान्ह्या बाळाच्या हत्येसाठी कोणत्याही आईला फाशी दिली गेली नाही. तरी खून शाबीत झाला की न्यायाधीशाला डोक्यावर काळे कापड घेऊन फाशीची शिक्षा उच्चारावीच लागे. ती अमलात येणार नाही हे न्यायालयातील सर्वांना ठाऊक असे. ठाऊक नसे ते फक्त पिंजऱ्यातल्या मुलीला.

१९२१ मध्ये लेस्टर येथे एदिथ रॉबर्ट्स नावाच्या २१ वर्षांच्या कामगार तरुणीला अशीच शिक्षा सुनावली गेली. लोक चिडले, सभा झाल्या, अर्ज गेले. तिची फाशी तर रद्द झालीच, पण पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, पहिला शिशुहत्या कायदा झाला. त्यात 'नवजात' मूल एवढाच शब्द होता. नवजात म्हणजे किती दिवसांचे? १९२७ मध्ये एका खटल्यात ३५ दिवसांचे मूल नवजात नव्हे असे न्यायालयाने ठरवले आणि त्या आईला पुन्हा खुनाची शिक्षा ऐकावी लागली. पुढे लॉर्ड डॉसन या राजवैद्याने उमरावांच्या सभागृहात हा विषय लावून धरला आणि १९३८ च्या कायद्यात मुदत बारा महिने झाली.

आता दूध कुठून आले ते समजते. बाळंतपणाचा परिणाम काही आठवडे टिकतो असे म्हणता आले असते, वर्षभर टिकतो म्हणणे अवघड होते. वर्षाची मुदत समजावून सांगायला शरीरातच घडणारे काहीतरी हवे होते, आणि अंगावर पाजणे वर्षभर चालते. शिवाय 'दुधाने येणारे वेड' ही कल्पना एकोणिसाव्या शतकातील वैद्यकात रूढ होतीच. पॅरिसमधील लुई-व्हिक्टर मार्से यांनी १८५८ मध्ये गरोदर, बाळंत आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ३१० स्त्रियांच्या हकिगती आहेत, आणि त्यांचे गट पाडले आहेत ते या तीन अवस्थांनुसारच. मार्सेचे निरीक्षण बारकाईचे होते. त्यामागचा कारणमीमांसेचा भाग नंतर गळून पडला.

गंमत अशी, की कायदा 'बाळंतपणाचा मनावर परिणाम होतो' असे म्हणू लागला त्याच सुमारास मनोविकारतज्ज्ञ उलट्या दिशेने निघाले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अनेक तज्ज्ञांचे मत असे बनले, की बाळंतपणानंतरचा असा वेगळा आजार नाहीच. इतर वेळी होतात तेच मनोविकार, बाळंतपण हे निव्वळ निमित्त. पाठ्यपुस्तकांतून 'सूतिकोन्माद' हा शब्द मागे पडत गेला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाने 'प्रसूतीनंतर सुरू झालेला' अशी नोंद करण्याची सोय केली ती थेट १९९४ मध्ये. आणि हा आजार गरोदरपणातही सुरू होऊ शकतो हे त्या नोंदीत आले २०१३ मध्ये.

इथे थोडे थांबून तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, नाहीतर पुढचा सगळा इतिहास गोंधळाचा होईल. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक स्त्रियांना विनाकारण रडू येते, चिडचिड होते. आपल्याकडच्या अनुभवी बायांना हे नवीन नाही. आठ-दहा दिवसांत ते आपोआप ओसरते आणि तो आजार नव्हे. दुसरे टोक सूतिकोन्मादाचे. हजार बाळंतपणांत एक किंवा दोन स्त्रियांना तो होतो, पहिल्या एक-दोन आठवड्यांत झपाट्याने येतो, भास होतात, भलत्याच समजुती घट्ट बसतात. तेथे तातडीने रुग्णालयातच न्यावे लागते. या दोहोंच्या मध्ये आहे ते नैराश्य. ते हळूहळू येते, पुष्कळदा गरोदरपणातच सुरू झालेले असते, महिनोन् महिने टिकते आणि शंभरात दहा ते पंधरा किंवा त्याहून अधिक स्त्रियांना होते. ही बाई स्वयंपाक करते, बाळाला न्हाऊ घालते, विचारले तर 'बरी आहे' म्हणते. तिच्यामुळे कोणाला त्रास होत नाही म्हणून ती कोणाला दिसत नाही.

शिशुहत्येचा कायदा घडला तो न्यायालयापर्यंत पोचलेल्या थोड्या स्त्रियांवरून. त्यांतल्या बऱ्याचजणी तर आजारी नव्हत्याच, त्या घाबरलेल्या होत्या. अविवाहित, नोकरी जाण्याच्या भीतीने पोट लपवलेल्या आणि एकट्याने बाळंत झालेल्या. त्यांच्या दैन्याला आजाराचे नाव दिले की न्यायाधीशाला दया दाखवता येत होती, आणि त्यांना या अवस्थेत कोणी टाकले हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नव्हती. आमच्या मते या कायद्याची खरी मर्यादा दुधात नसून इथे आहे.

हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारला गेला होता. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नाहीतर इथे ठेवावे. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मुलाच्या हत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने विधवांच्या वागणुकीवर वर्तमानपत्रांतून जी टीका झाली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिले. फुल्यांनी किंवा ताराबाईंनी मनोविकाराचा आधार घेतला नाही. त्यांनी बोट ठेवले ते समाजाच्या रीतीवर. याउलट इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्याला दिलेल्या दंडसंहितेत शिशुहत्येचे वेगळे कलम नव्हते. होते ते वेडाचे सर्वसाधारण कलम ८४, म्हणजे आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे हेच न कळणाऱ्या माणसाला गुन्हा लागू नये. ही कसोटी इतकी कडक आहे, की नैराश्याने खंगलेली बाई तिच्यात सहसा बसत नाही.

तर मग कायद्याची नजर न्यायालयाकडून घराकडे कधी वळली? उत्तर एका कागदात आहे.

१९६८ मध्ये ब्राइस पिट या लंडनच्या डॉक्टरांनी ३०५ स्त्रियांना गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर प्रश्न विचारले. त्यांतील ३३ जणींना, म्हणजे सुमारे ११ टक्के मातांना, बाळंतपणानंतर नैराश्य आले होते. वेड्यांच्या इस्पितळात नव्हे, साध्या प्रसूतिगृहात हे मोजले गेले ही यातली नवी गोष्ट. पण प्रत्येक आईशी तासभर बोलणे मनोविकारतज्ज्ञाला शक्य नसते. १९८७ मध्ये जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सगॉव्हस्की यांनी स्कॉटलंडमध्ये दहा प्रश्नांची एक पट्टी तयार केली. एडिंबरा पट्टी म्हणून ती जगभर ओळखली जाते. गेल्या सात दिवसांत हसू येत होते का, उगाच स्वतःला दोष दिला का, कारण नसता भीती वाटली का, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. थकवा येतो का, भूक मंदावली का असे नेहमीचे प्रश्न मुद्दाम गाळले, कारण रात्री चारदा उठणाऱ्या कोणत्याही आईचे उत्तर 'हो' असेच येणार. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे 'हो' आले तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्या बाईशी त्याच दिवशी बोलायचे असते.

ही पट्टी निदान करत नाही. ती चाळण आहे, आणि चाळणीचे गणित शेकडेवारी येणाऱ्या वर्गात सहज करून दाखवता येते. मूळ अभ्यासात पट्टीने नैराश्य असलेल्या शंभर मातांपैकी ८६ ओळखल्या, आणि नैराश्य नसलेल्या शंभरांपैकी ७८ जणींना 'नाही' असे बरोबर सांगितले. आता हजार माता घ्या आणि त्यांतील शंभरांना नैराश्य आहे असे धरा. चाळणीत ८६ सापडतील, १४ निसटतील. उरलेल्या ९०० पैकी ७०२ जणींना ती बरोबर वगळेल, पण १९८ जणी विनाकारण अडकतील. म्हणजे चाळणीवर राहिलेल्या २८४ जणींपैकी खरोखर आजारी ८६, तिघींत एकीपेक्षाही कमी. म्हणून चाळणीनंतर कोणीतरी शांतपणे बसून बोलणारे माणूस असावेच लागते. ते नसेल तर आपण १९८ स्त्रियांना घाबरवले आणि ८६ जणींच्या हाती एक आकडा दिला, एवढेच होते.

होल्डन यांना याची जाण होती. १९८९ मध्ये त्यांनी ५० नैराश्यग्रस्त मातांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये घरोघरी जाऊन बाळाची चौकशी करणाऱ्या परिचारिका असतात. त्यांना थोडे प्रशिक्षण देऊन काही मातांच्या घरी आठवड्यातून एकदा, आठ वेळा, केवळ ऐकून घेण्यासाठी पाठवले. उपदेश करायचा नाही. अशा २६ पैकी १८ माता बऱ्या झाल्या. ज्यांच्याकडे नेहमीसारख्याच भेटी झाल्या त्या २४ पैकी ९.

अमेरिकेत मात्र गोष्ट पुन्हा मृत्यूपासूनच सुरू झाली. २००१ मध्ये शिकागोत मेलनी स्टोक्स या आईने बाळ काही महिन्यांचे असताना आत्महत्या केली. तिची आई कॅरोल ब्लॉकर यांनी कायद्यासाठी मोहीम उघडली. काँग्रेसचे सदस्य बॉबी रश यांनी विधेयक आणले, ते वर्षानुवर्षे अडकत राहिले आणि २०१० मध्ये मोठ्या आरोग्य कायद्याचा एक भाग म्हणून मंजूर झाले. त्याच २००१ मध्ये टेक्सासमध्ये उन्मादाने ग्रासलेल्या एका आईच्या हातून तिची पाचही मुले गेली. अमेरिकेत इंग्लंडसारखा शिशुहत्येचा कायदा नाही. २००२ मध्ये तिला खुनी ठरवले गेले, पुढे ती शिक्षा रद्द झाली आणि २००६ च्या दुसऱ्या खटल्यात वेडाच्या कारणाने तिला निर्दोष मानले. चार वर्षांत तीच बाई, तेच कृत्य, आणि निर्णय उलटा.

न्यू जर्सी या राज्याने वेगळी वाट धरली. राज्यप्रमुख रिचर्ड कोडी यांच्या पत्नी मेरी जो कोडी यांनी आपल्याला झालेल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे बोलायला सुरुवात केली होती. एप्रिल २००६ मध्ये तेथे कायदा झाला : प्रत्येक बाळंतिणीला घरी सोडण्यापूर्वी आणि नंतरच्या तपासण्यांत नैराश्याची चाचपणी केलीच पाहिजे. अमेरिकेतील असा हा पहिला सक्तीचा कायदा. वृत्तपत्रांनी कौतुक केले, इतर राज्यांनी अनुकरण सुरू केले.

पुढे २०११ मध्ये संशोधकांनी हिशोब मांडला. सरकारी विम्यावर अवलंबून असलेल्या, म्हणजे गरीब मातांच्या नोंदी त्यांनी कायद्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासल्या. उपचार सुरू होण्याच्या प्रमाणात फरक पडलेला नव्हता. सुरू झालेला उपचार पुढे चालू राहण्याच्या प्रमाणातही नाही. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. दवाखान्यातून घरी सोडतात ते बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांतच, त्या सुमारास निम्म्या बायका रडत असतात आणि खरे नैराश्य अजून यायचे असते. चाचपणीचे पैसे मिळण्याची नीट सोय नव्हती. आणि मुख्य म्हणजे चाळणीच्या पलीकडे कोणी बसलेले नव्हते. कायद्याने प्रश्न विचारण्याची सक्ती केली होती, उत्तर ऐकण्याची नव्हे.

ब्रिटनला एका वेगळ्या आकड्याने जाग आली. तेथे प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते, ही पद्धत १९५२ पासून आहे. १९९७ ते १९९९ या काळातल्या मृत्यूंचा अहवाल २००१ मध्ये आला तेव्हा प्रथमच बाळंतपणानंतर वर्षभरातील सगळे मृत्यू एकत्र जुळवून पाहिले गेले. रक्तस्राव नव्हे, जंतुसंसर्ग नव्हे, मातांच्या मृत्यूचे आघाडीचे कारण आत्महत्या निघाले. जोपर्यंत सहा आठवड्यांपर्यंतच मोजत होते तोपर्यंत हे दिसत नव्हते. मोजण्याची मुदत बदलली आणि आजार दिसू लागला. आम्हा संशोधनातल्या माणसांना यातले काहीच नवे नाही, तरी ते वाचताना अंगावर काटा येतो.

औषधांच्या बाबतीत अलीकडे हालचाल झाली आहे तीही नोंदवू. बाळंतपणानंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनची पातळी काही दिवसांत एकदम खाली येते. प्रोजेस्टेरॉनपासून बनणाऱ्या एका द्रव्याचा मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेशी संबंध आहे हे कळल्यावर त्यावर आधारित औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाले. ते ६० तास शिरेतून द्यावे लागे आणि किंमत सुमारे ३४ हजार डॉलर. २०२३ मध्ये त्याच जातीची चौदा दिवस घेण्याची गोळी आली. दूध नव्हे तर संप्रेरके, असे म्हणून १९३८ च्या कायदेकारांना अर्धे श्रेय द्यावे का? आम्ही देणार नाही. संप्रेरकांची घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते, नैराश्य सगळ्यांना येत नाही.

कोणाला येते, याचे एक चांगले उत्तर आपल्या शेजारून, गोव्यातून आले. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर स्त्रियांची नोंद घेऊन विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एडिंबरा पट्टी त्यासाठी कोकणीत आणली होती. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. ज्या गोष्टींशी हे जोडलेले दिसले त्या अशा : गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मारहाण, गरोदरपणातच असलेला मानसिक त्रास. आणि मुलगी झाली असेल तर यांतील इतर कारणांचा भार आणखी वाढे. हा शेवटचा मुद्दा लंडनच्या किंवा एडिंबराच्या अभ्यासात सापडण्याजोगा नव्हता. याच मातांच्या बाळांकडे पाहिले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. आईला नैराश्य असेल तर सहा महिन्यांच्या बाळाचे वजन कमी असण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. वजनकाटा घेऊन कुपोषणामागे धावणाऱ्या योजनांना यात विचार करण्यासारखे बरेच आहे.

भारतभरच्या ३८ अभ्यासांतील वीस हजारांवर मातांची आकडेवारी एकत्र केली तेव्हाही, २०१७ मध्ये, प्रमाण २२ टक्के निघाले. पाच मातांमागे एक.

आपल्याकडे कायद्याने काय केले? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमात एक तरतूद आहे जी फारशी कोणाला ठाऊक नाही : मानसिक रुग्णालयात असलेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये. मुलाला धोका वाटला तर तात्पुरते वेगळे ठेवता येते, पण दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा आणि सलग तीस दिवसांपलीकडे जायचे तर प्राधिकरणाची संमती घ्यायची. यामागचा विचार जुना आहे. १९४८ मध्ये लंडनच्या कॅसल रुग्णालयात एका आईने मुलाला सोडून दाखल व्हायला नकार दिला, म्हणून थॉमस मेन यांनी दोघांनाही आत घेतले, आणि आई-बाळ कक्षाची कल्पना तेथून रुजली. भारतात बंगळूरच्या निमहान्समध्ये असा पहिला कक्ष २००९ मध्ये निघाला. कायदा देशभराचा, पण असे कक्ष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

२०१७ मध्येच बाळंतपणाची भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. शिक्षिकेला, कारखान्यातल्या बाईला त्याचा लाभ. ऊसतोडीला जाणारी किंवा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी बाई या कायद्याच्या बाहेरच आहे, आणि गरिबीचा नैराश्याशी असलेला संबंध गोव्याच्या अभ्यासात आपण नुकताच पाहिला. १९३८ सारखे शिशुहत्येचे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आलेले नाही.

दुसरीकडे मातामृत्यू कमी करण्यात आपण खरोखर मोठी मजल मारली आहे. २०१८ ते २०२० या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ९७ पर्यंत उतरले, महाराष्ट्रात ३३ पर्यंत. बाई दवाखान्यात बाळंत व्हावी, रक्त चढवण्याची सोय असावी, यासाठी जे केले त्याचे हे फळ. पण रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांवर मात केली की मागे उरते काय, हे ब्रिटनच्या २००१ च्या अहवालाने दाखवून दिलेच आहे. केरळने 'अम्मा मनस्सु' नावाने मातांच्या मानसिक आरोग्याचा कार्यक्रम सुरू केला आहे. देशपातळीवर तसा स्वतंत्र कायदा नाही.

आणि तो नसणे फार वाईट आहे असे न्यू जर्सीचा अनुभव पाहता म्हणवत नाही. कारण उपचाराची वाट दुसऱ्या बाजूने उघडली आहे. २००८ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अतीफ रहमान आणि सहकाऱ्यांनी तेथील ४० गावगटांपैकी निम्म्यांत सरकारी आरोग्यसेविकांना एक साधी बोलण्याची पद्धत शिकवली. नैराश्य असलेल्या गरोदर बाईच्या घरी जायचे, तिच्या मनातले विचार तिच्याबरोबर तपासायचे, बाळाच्या निमित्ताने घरच्यांनाही सामील करून घ्यायचे. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या गावांत २३ टक्के माता अजून नैराश्यात होत्या, इतर गावांत ५३ टक्के. या सेविका जेमतेम माध्यमिक शाळा शिकलेल्या होत्या. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत पुस्तिका म्हणून काढली. गोव्यात २८० स्त्रियांवर तिचा प्रयोग झाला, त्यात तर सेविकाही नव्हत्या, त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या बायका होत्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. फायदा दिसला, पण रावळपिंडीइतका मोठा नव्हे.

महाराष्ट्रात आशाताई बाळंतिणीच्या घरी जातेच. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असे वेळापत्रक आहे. तिसऱ्या दिवसाचे रडू आणि बेचाळिसाव्या दिवसाची मुकी बाई यांतला फरक ओळखायला याहून चांगले वेळापत्रक कोणी आखून दिले नसते. ते मात्र आखले गेले बाळाचे वजन, ताप आणि नाळ पाहण्यासाठी. ही योजना २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा त्या सगळ्या भेटी पुऱ्या केल्याबद्दल आशाताईला द्यायची रक्कम ठरली ती २५० रुपये.